दहापैकी सहा

गेल्या वर्षी माझ्या प्रोस्टेटच्या बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला. ग्लीसन ३+३=६. दहापैकी सहा! आम्हा इंजिनियर मंडळींना आकडे दिसले की हिशोब सुरू. निम्म्याच्या वर गेलो की! त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून वाचायला बसलो, आणि हाती लागली ती एका चित्राची गोष्ट.

१९६२ साली मिनियापोलिसच्या व्हेटरन्स हॉस्पिटलातले यूरॉलॉजीचे प्रमुख जॉर्ज मेलिंजर यांनी तिथल्याच डोनाल्ड ग्लीसन या पॅथॉलॉजिस्टला सांगितलं, या कॅन्सरची प्रतवारी सगळ्यांना सारखी करता येईल अशी पद्धत बसव. ग्लीसननी सुट्या पेशींकडे फारसं पाहिलंच नाही. कमी भिंगातून ग्रंथींची रचना पाहिली. ग्रंथी सुट्या सुट्या दिसल्या तर ३, एकमेकींत मिसळल्या तर ४, ग्रंथीचा आकारच उरला नाही तर ५. पाचही नमुन्यांचं चित्र हाताने काढलं. एकाच गाठीत दोन नमुने असले तर काय? रुग्णांच्या मृत्यूचं प्रमाण दोन्हींच्या मधे येतं असं दिसलं, म्हणून दोघांची बेरीज! १९६६ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली.

माझ्या रिपोर्टात प्रथिनांची नावंही होती. निरोगी ग्रंथीभोवती बेसल पेशींचं कडं असतं, पी-६३ चा रंग ते दाखवतो. कॅन्सरमध्ये हे कडं नाहीसं होतं आणि रेसिमेज नावाचं प्रथिन बहुधा वाढतं. केआय-६७ हे आणखी एक, वाढत्या पेशींची खूण. त्यातलं 'केआय' म्हणजे जर्मनीतलं कील शहर, १९८३ साली त्याचा शोध तिथे लागला. वरच्या ग्रेडमध्ये ते बहुधा जास्त सापडतं. पण गंमत पहा, ही प्रथिनं कॅन्सर आहे की नाही हे ठरवायला मदत करतात, ग्रेड मात्र आजही डोळ्यांनी रचना पाहूनच दिला जातो.

मग माझे सहा? २००५ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलं की सुईने काढलेल्या तुकड्याला २ ते ४ गुण जवळजवळ देऊच नयेत. ५ सुद्धा क्वचितच. म्हणजे व्यवहारात मोजणी सहापासूनच सुरू होते! शिवाय ३+४ आणि ४+३ दोन्ही सातच, पण दुसरा जास्त वाईट. हा घोळ मिटवायला २०१४ मध्ये १ ते ५ असे ग्रेड ग्रुप आले. सहाचा झाला १.

ज्याला मी निम्म्यावरचा समजलो, तो सर्वात खालचा निघाला. ऑपरेशन नाही, नुसती नजर ठेवायची असं डॉक्टरांबरोबर ठरलं. भीतीपोटी मी ऑपरेशनला 'हो' म्हणायच्या बेतात होतो.

ग्लीसन २००८ मध्ये वारले, ८८ व्या वर्षी. त्यांचं चित्र चांगलंच होतं, आकड्यांची पट्टी तेवढी दुरुस्त करायला हवी होती. असो. तुमच्या हातात असा रिपोर्ट आलाच, तर आधी विचारा : मोजणी कुठून सुरू होते?