व्हिएन्नाच्या शवागारातील विद्या

मृतांच्या देहांवरून जिवंतांना वाचविण्याची विद्या शिकावी, ही कल्पना प्रथमदर्शनी अंगावर काटा आणणारी वाटते. परंतु वैद्यकाला शास्त्राचे रूप आले ते पुष्कळ अंशी याच मार्गाने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या विद्येचे माहेरघर होते व्हिएन्नाचे सार्वजनिक रुग्णालय.

सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ साली ते उघडले. तेथील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक कार्ल रोकिटान्स्की यांनी हयातीत तीस हजारांवर शवविच्छेदने केली, असे सांगतात. रोगी दगावला की त्याचा देह शवागारात येई. वैद्याने केलेले निदान आणि अवयवांत प्रत्यक्ष दिसणारा विकार ही दोन्ही तेथे ताडून पाहिली जात. तर्काने झाकलेली चूक सुरीखाली उघडी पडे. तरुण वैद्यांना याहून कठोर आणि प्रामाणिक गुरू कोठे मिळणार?

पण याच गुरुगृहातून एक अनर्थ बाहेर पडत होता. रुग्णालयाच्या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. १८४० पासून पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या विभागात शेकडा सुमारे दहा माता दगावल्या. दुसऱ्यात चारांहूनही कमी. पहिल्या विभागात आपल्याला घालू नये म्हणून स्त्रिया गुडघे टेकून विनवण्या करीत.

पहिल्या विभागातील साहाय्यक इग्नाझ सेमेलवाइस यांना हा भेद स्वस्थ बसू देईना. सूतिकाज्वराने मेलेल्या स्त्रियांचे देह ते सकाळी तपासीत आणि तेथून प्रसूतिगृहात जात. हवा, गर्दी, आहार यांपैकी एकाही कारणाने कोडे सुटेना. मार्च १८४७ मध्ये ते व्हेनिसहून परतले, तो त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेट्श्का निवर्तल्याची वार्ता कानी पडली. शवविच्छेदन चालू असता एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या देहातील विकृती सूतिकाज्वराने मेलेल्या मातांतील विकृतीसारख्याच होत्या. सेमेलवाइस उमजले, की शवागारातील विष वैद्यांच्याच हातांवरून प्रसूतिगृहात जात होते! सुइणी शवागारात जात नसत. दोन विभागांतील अंतराचे मर्म यातच होते.

मे महिन्यात त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याचा दंडक घातला. एप्रिलमध्ये शेकडा अठरांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये दोनांच्या आसपास आले. १८४८ च्या मार्च व ऑगस्ट या महिन्यांत तर पहिल्या विभागात या ज्वराने एकही माता गेली नाही.

रोकिटान्स्की यांनी त्यांना पाठिंबा दिला, परंतु अनेक मान्यवर वैद्यांना हे पटेना. जंतूंचे ज्ञान तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. शिवाय हे मान्य करणे म्हणजे कित्येक मातांच्या मृत्यूचे दायित्व स्वतःच्या शिरावर घेणे होते. १८४९ मध्ये सेमेलवाइस यांची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. १८६१ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला.

या इतिहासावरून शवविच्छेदनाला दोष देणे मात्र योग्य होणार नाही. ज्या शिक्षणाने मृत्यू पसरविला, त्याच शिक्षणाने त्याचे कारणही दाखविले. कोलेट्श्कांचा देह उघडून पाहिला नसता, तर दोन मृत्यूंमधील साम्य कोणाला कळले असते? सुरीखाली दुसऱ्याची चूक शोधण्यास शिकलेल्या वैद्याने तीच दृष्टी आपल्या हातांकडे वळविली, तेव्हाच मातांचे प्राण वाचले.