मांजरा नदी आणि 'जलयुक्त लातूर': लोकचळवळीचा इतिहास अभ्यासायचा कसा?

पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "आपल्या भागात संशोधनासारखं आहे तरी काय?" नांदेड-लातूरकडच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारावा याचं नवल वाटतं. एका शहराला रेल्वेनं पाणी पाजावं लागलं आणि तिथल्याच नागरिकांनी वर्गणी काढून नदी खोदली, ही घटना आपल्या दारातली आहे. आज ती एक उदाहरण म्हणून घेऊ.

आधी घटनाक्रम. मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. धनेगावला तिच्यावर मांजरा धरण आहे आणि लातूर शहराची तहान मुख्यतः त्यावरच भागते. 2014 आणि 2015 असे लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, धरण आटलं. मार्च 2016 मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. 10 वाघिणी, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर, म्हणजे 5 लाख लिटर. पुढे 50 वाघिणींची 'जलदूत' येऊ लागली. एका खेपेला 25 लाख लिटर.

आता जरा गणित करू. शहराची लोकसंख्या 4 लाखाच्या आसपास धरली, तर 25 लाख लिटर म्हणजे माणशी जेमतेम 6 लिटर. 2018 मध्ये केपटाउन शहरात पाणीटंचाई आली, तेव्हा तिथली मर्यादा माणशी रोज 50 लिटर होती आणि जगभर तिची बातमी झाली. टँकर, विंधन विहिरी यांचं पाणी वेगळं धरलं तरी लातूरकरांनी तो उन्हाळा कसा काढला असेल, याचा अंदाज येतो.

त्याच एप्रिलमध्ये लातूरचे डॉक्टर, व्यापारी, वकील, शिक्षक, शेतकरी एकत्र आले. 'जलयुक्त लातूर' या नावानं समिती उभी राहिली. विवेकानंद रुग्णालयाचे डॉ. अशोक कुकडे यांच्यासारखी ज्येष्ठ मंडळी पुढे होती. साई ते नागझरी या बंधाऱ्यांदरम्यान मांजरेच्या पात्राचं सुमारे 18 किलोमीटर खोलीकरण करायचं, गाळ काढायचा, असं ठरलं. लोकवर्गणी जमली, यंत्रं नदीत उतरली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोरदार पाऊस झाला, नदीत पाणी आलं, वर धरणही भरलं.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. संशोधकाचं काम यापुढे सुरू होतं.

पहिली गोष्ट, नावं तपासा. 'जलयुक्त शिवार' हा डिसेंबर 2014 चा शासनाचा कार्यक्रम. 'जलयुक्त लातूर' ही नागरिकांची मोहीम. नावं सारखी, काळ जवळजवळ तोच, पण पैसा कुणाचा, निर्णय कुणाचा, जबाबदारी कुणाची, ही उत्तरं वेगळी आहेत. संदर्भ गोळा करताना दोन्हींची कात्रणं एकाच फाइलीत गेली, की पुढचे निष्कर्ष बिघडलेच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट, 'नंतर' आणि 'मुळे' यातला फरक. खोदाईनंतर पाणी आलं, हे खरं. पण खोदाईमुळे पाणी आलं का? पाणी पावसामुळे आलं. खोदाईमुळे त्यातलं किती थांबलं, हा खरा प्रश्न. समजा पात्राची सरासरी रुंदी 50 मीटर धरली आणि 18 किलोमीटरमध्ये 1 मीटर जास्त खोली मिळाली. 18,000 × 50 × 1 म्हणजे 9 लाख घनमीटर, म्हणजेच 90 कोटी लिटर. 25 लाख लिटरच्या 360 रेल्वेगाड्या! माणशी रोज 100 लिटर धरले तर शहराला सुमारे 22 दिवस पुरेल. बाष्पीभवन आणि जिरणारं पाणी यात वजा केलेलं नाही.

आता हाच आकडा दुसरीकडून बघा. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे 177 दशलक्ष घनमीटर. त्यापुढे आपले 0.9 दशलक्ष म्हणजे अर्धा टक्का. रेल्वेशी तुलना केली तर काम डोंगराएवढं, धरणाशी केली तर चिमूटभर. दोन्ही आकडे खरे आहेत. तुलना कशाशी करायची हे निवडतानाच संशोधकाची भूमिका ठरते, म्हणून ती निवड प्रबंधात उघड सांगावी लागते.

तिसरी गोष्ट, विरोधातला आवाज सोडू नका. नद्या-नाल्यांचं सरसकट खोलीकरण शास्त्रीय आहे का, यावर त्या काळात राज्यात मोठा वाद झाला. वाळू-गाळाचा थर पाणी धरतो आणि गाळतोही, तो उपसला तर काय होतं? खालच्या गावांच्या वाट्याचं पाणी अडतं का? 'जलयुक्त शिवार'च्या कामांवर अर्थतज्ज्ञ ह. मा. देसरडा उच्च न्यायालयात गेले होते. मांजरेच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे, उसाचा. पात्र खोल केल्यानं पाणी साठवायची जागा वाढते, पण वरच्या खोऱ्यातली उपशाची सवय बदलत नाही.

म्हणून मोहीम वाया गेली का? तसं मला वाटत नाही. पाणी ही फक्त सरकारनं सोडवायची भानगड आहे, असं समजणारं शहर आपल्या नदीच्या पात्रात उतरलं, हा बदल घनमीटरमध्ये मोजता येत नाही. पण तो टिकला का, हे मोजता येतं. खोदलेल्या पात्रात पुन्हा किती गाळ साचला? काठच्या विहिरींची पातळी उन्हाळ्यात कुठवर असते? वर्गणीचा हिशेब कसा ठेवला गेला? दुष्काळ ओसरल्यावर बैठका चालू राहिल्या का? यातला एकेक प्रश्न घ्या, एकेक प्रबंध होईल.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मोजपट्टी घ्यावी, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी समितीची इतिवृत्तं शोधावीत, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी काठच्या गावांत जाऊन बसावं. एक मात्र लक्षात ठेवा, वर्गणी देणारे आणि यंत्रं चालवणारे लोक आज भेटतात, बोलतात. आणखी वीस वर्षांनी फक्त कात्रणं उरतील, आणि कात्रणांत बहुतेक उद्घाटनाचेच फोटो असतात. विषय हवा असेल तर उशीर करू नका.