एका पानाचा वंशविस्तार

ज्या घरी टेलिफोन, त्या घरी त्याच्याशेजारी जाडजूड डिरेक्टरी, हे एके काळी ठरलेले दृश्य असे. पुढे रद्दीत गेलेल्या त्या ग्रंथाचा जन्म मात्र अवघ्या एका पानाचा होता.

२१ फेब्रुवारी १८७८ रोजी अमेरिकेतील न्यू हेवन शहरातील टेलिफोन कंपनीने आपल्या ग्राहकांची यादी छापली. नावे सुमारे पन्नास. नंबर एकही नाही. घरे, डॉक्टर, दंतवैद्य, दुकाने, मांस-मासळीचे बाजार अशी तिची सदरे होती. घरांच्या सदरात पहिलेच नाव रेव्हरंड जॉन टॉड या धर्मोपदेशकाचे होते, याचे आम्हां धर्मगुरूंना कौतुक वाटणे साहजिकच आहे.

त्या काळी नाव सांगितले की ऑपरेटर तार जोडून देई. १८७९च्या सुमारास लोवेल गावात गोवराची साथ आली. चारही ऑपरेटर अंथरुणाला खिळले, तर नवख्यांना सारी नावे कशी ठाऊक असणार? या काळजीपोटी डॉ. मोझेस पार्कर यांनी ग्राहकांना नंबर देण्याची सूचना केली. नंबर आले आणि माणसाच्या स्मरणाची जागा पुस्तकाने घेतली.

१८८६ साली शिकागोत रूबेन डोनेली यांनी धंदेवार सूची काढली. तीच पुढे पिवळ्या पानांची डिरेक्टरी म्हणून रूढ झाली. आता नाव ठाऊक नसले तरी चाले. गरज ठाऊक असली की पुरे. नळ फुटला, नळदुरुस्तीचे सदर उघडा! मात्र व्यापारही त्यात शिरला. ज्याच्याकडे पैसा, त्याची जाहिरात मोठी. वर्णानुक्रमात अग्रस्थान मिळावे म्हणून काहींनी दुकानाच्या नावाआधी इंग्रजी ‘ए’ची माळच लावली. तरीही लहान दुकानदाराला एक ओळ लाभे, आणि पुस्तक दारोदार पोहोचे.

ब्रिटनमध्ये १९६६ साली ब्रायटनच्या डिरेक्टरीत पिवळी पाने प्रथम आली. तेथील छापील पिवळ्या पुस्तकाची अखेरची प्रतही जानेवारी २०१९मध्ये ब्रायटनमध्येच वाटली गेली. शोध आता मोबाइलवर गेला आहे. तेथेही पैसे मोजणारा पुढे असतोच; पण ज्याला तो पडदा हाताळता येत नाही, त्याच्या दारात पुस्तक टाकणारा आता कोणी उरला नाही.

आपल्या शेजारी अशी एखादी वृद्धा असेल, तर डॉक्टर, औषधवाला, वायरमन, चर्चचे कार्यालय असे दहा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या भिंतीवर लावावेत, असे आम्ही सुचवतो. न्यू हेवनची डिरेक्टरीही एकाच पानाची होती.