नऊ ओळींचे व्याकरण
शाळेत ‘कंचेभागुबेव’ घोकून पदावली सोडवीत आलेल्या मनुष्यास चिन्हांमधील ती उच्चनीचता गणिताच्या प्रकृतीतच असावी असे वाटते. परंतु कॅनडात जन्मलेल्या आणि १९५५ पासून हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन करू लागलेल्या केनेथ आयव्हर्सन यांनी जी चिन्हलिपी रचली आणि १९६२ साली ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ या ग्रंथात मांडली, तीतून हा मानपानाचा कायदा समूळ रद्द केला. कंस नसतील तेथे उजवीकडून डावीकडे चालावे, एवढाच नियम शिल्लक राहिला. म्हणून तीत ३ × ४ + ५ चे उत्तर १७ नसून २७ येते. कारण सयुक्तिक होते: बेरीज-गुणाकारांच्या पंक्तीत शेष, महत्तम, लघुतम, घात अशी कितीतरी चिन्हे येऊन बसल्यावर त्या सर्वांची ज्येष्ठता स्मरणात कोणी ठेवावी? यातून आणखी एक लाभ झाला, आणि या साऱ्या कथेत मला तोच सर्वांत सुंदर वाटतो. राशीतील प्रत्येक दोन संख्यांमध्ये अमुक क्रिया घालावी असे सांगणारी तिरपी रेघ वजाबाकीच्या चिन्हास जोडली, की १, २, ३, ४ यांचे १ − (२ − (३ − ४)) होते; म्हणजेच १ − २ + ३ − ४ ही चिन्ह पालटत जाणारी बेरीज कोणत्याही खास तजविजीवाचून हाती येते.

१९६० मध्ये आयव्हर्सन आयबीएममध्ये गेले. ग्रंथनामाच्या आद्याक्षरांवरून लिपीस ‘एपीएल’ हे नाव पडले, १९६६ च्या अखेरीस ती यंत्रावर नांदू लागली, आणि टंकयंत्राच्या गोलकावर ८८ चिन्हांपुरतीच जागा असल्याने ग्रंथातील चढती-उतरती अक्षरे जाऊन सर्व मजकूर एका ओळीत आला.

पुढची पिढी ‘जे’ या भाषेची. १९८९ च्या उन्हाळ्यात आर्थर व्हिटनी आयव्हर्सन यांच्याकडे किल्न फार्म येथे आले असता, व्हिटनी यांनी एका दुपारी एका पृष्ठावर इंटरप्रिटरचा, म्हणजे भाषेतील वाक्ये वाचून बजावणाऱ्या आज्ञावलीचा, एक तुकडा लिहिला. रॉजर हुई यांनी तो सुमारे आठवडाभर अभ्यासला आणि २७ ऑगस्ट रोजी ‘जे’ची पहिली ओळ लिहिली. या भाषेत संख्या म्हणजे नाम, अधिकचिन्ह म्हणजे क्रियापद, तिरपी रेघ म्हणजे क्रियाविशेषण, आणि वाक्याचे व्याकरण यंत्र स्वतः चालविते. त्याची रीत अशी की वाक्यातील शब्द उजव्या टोकाकडून एकेक काढून चळतीवर ठेवावा, चळतीवरील वरचे चार शब्द अवघ्या नऊ ओळींच्या तक्त्याशी ताडून पाहावेत, एखादी ओळ जुळली तर तिचा हुकूम बजावावा, न जुळल्यास पुढचा शब्द आणावा. ‘+/ १ २ ३’ हे वाक्य घ्या. प्रथम तिन्ही संख्या मिळून एकच शब्द म्हणून चळतीवर येतात, मग रेघ, मग अधिकचिन्ह, आणि शेवटी वाक्याची सीमा. आता सीमा, क्रियापद, क्रियाविशेषण आणि नंतर काहीही, ही ओळ जुळते. रेघ अधिकचिन्हास चिकटून ‘एकूण बेरीज’ हे नवे क्रियापद जन्मास येते, आणि तेव्हा कोठे ते नामावर चालून ६ हे उत्तर देते. क्रियापदाच्या डावीकडे काय आहे हे पाहिल्याविना ते एका नामावर चालावयाचे की दोहोंवर, याचा निवाडा होत नाही. चार शब्द नजरेखाली ठेवण्याचे मर्म येथे आहे. श्रेणीव्यवस्था राखली असती, तर हा तक्ता नऊ ओळींत मावला असता असे मला वाटत नाही.

असे जन्मलेले क्रियापद यंत्राच्या दफ्तरात कोणत्या रूपाने राहते, हा प्रश्न उरतो. हुई यांच्या रचनेत नाम असो वा क्रियापद, प्रत्येक वस्तू एकाच घडणीची राशी आहे: तिच्यावर प्रकार, घटकांची संख्या, मिती आणि आकार यांची नोंद, आणि मागे प्रत्यक्ष ऐवज. यामुळे ‘(+/ % #)’ या सरासरी काढणाऱ्या पदसमूहास त्याचे स्वरूप विचारले, तर तो चौकटींत चौकटी मांडून, फांद्या फुटलेल्या वृक्षासारखा, किंवा पुन्हा टंकता येईल अशा सरळ ओळीत, हवा तसा प्रकट होतो. इतकेच नव्हे, दोन क्रियापदे एका विशिष्ट उभयान्वयी अव्ययाने बांधली, की त्यांचे नाम होते. ते साठविता येते, मोजता येते, आणि प्रसंग पाहून त्यातील हवे ते क्रियापद निवडून पुन्हा कामास लाविता येते.