पोथींतील कथा व शाळेंतील कथा : वर्धा जिल्ह्याच्या निमित्तानें

जुन्या पोथीचें सुटें पान सांपडलें तरी संग्राहक तें जपून ठेवतो. शाळेचें जुनें वाचनपुस्तक मात्र रद्दींत जातें. हा भेद इतिहासाला घातक आहे, हें दाखविण्याचा येथें उद्देश आहे.

महानुभाव पंथाच्या केशिराज व्यासांनीं श्रीचक्रधरांचे ११४ दृष्टान्त ‘दृष्टान्तपाठां’त संकलित केले. त्यांची मांडणी सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक अशी त्रिविध आहे. सूत्र सिद्धान्त सांगतें, दार्ष्टान्तिक त्याचा अन्वय लावतें. मधली कथा मात्र दोहोंवांचूनहि स्मरणांत राहते. हत्तीचा एकेक अवयव चांचपून त्याचें रूप ठरविणाऱ्या जात्यंधांची गोष्ट सूत्र ठाऊक नसलेल्यासहि कळते. लहानपणीं शाळेंत ऐकलेली कथा वार्धक्यांतहि टिकते, याचें कारण हेंच. परंतु हीच गोष्ट बौद्धांच्या ‘उदाना’तहि आहे. तेव्हां ती एखाद्या वृद्धास आठवते, एवढ्यावरून ती महानुभाव परंपरेनेंच त्याच्यापर्यंत आली, असें म्हणतां येत नाहीं.

छापील कथांचा ओघ निराळा. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ व ‘बाळमित्रा’चा पहिला भाग इ. स. १८२८ मध्यें मुंबईस प्रसिद्ध झाला. एकीचें मूळ ग्रीक, दुसऱ्याचें फ्रेंच. दोन्ही इंग्रजीच्या द्वारें मराठींत उतरलीं.

आतां वर्ध्याकडे पाहूं. हा जिल्हा इ. स. १८६२ मध्यें नागपूर जिल्ह्यापासून वेगळा झाला, आणि १९५६ पर्यंत प्रथम मध्यप्रांतांत व नंतर मध्यप्रदेशांत राहिला. त्यामुळें मुंबई इलाख्याच्या क्रमिक पुस्तकांवरून येथील मुलांच्या वाचनाचें अनुमान काढणें सुरक्षित नाहीं. ऑक्टोबर १९३७ मध्यें याच वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या शिक्षणपरिषदेनें मातृभाषेच्या माध्यमाचा पुरस्कार केला. तेथून नव्या तालमीचा निराळा थर सुरू होतो.

एखादी कथा पोथींतून आली, मुंबईच्या छापखान्यांतून आली, कीं स्थानिक शिक्षकाच्या मुखांतून, याचा निर्णय पाठभेद ताडूनच होईल. आणि ताडण्यास पुस्तक हातीं हवें. म्हणून संग्राहकांस विनंती कीं, जुन्या घरांतील दप्तर पाहतांना फाटकें वाचनपुस्तकहि उचलावें. त्यावरील शाळेचें नांव, इयत्ता व वर्ष टिपून ठेवावें. मुलानें समासांत केलेल्या खुणाहि पुसूं नयेत. पोथी कथेचें मूळ दाखवील. ती कोणाच्या मनांत रुजली, हें मात्र हीं पुस्तकेंच सांगतील.