धुक्यातला फळा

आपली शाळा पन्हाळ्यावर, त्यामुळे पावसाळ्यात धुकं थेट वर्गात शिरायचं. एखाद्या दिवशी फळाच दिसेनासा व्हायचा, मग गुरुजी पाठ तोंडी घ्यायचे. आम्हाला त्याची मजा वाटे. आमच्यातल्या एकाला मात्र बारा महिने फळा तसाच दिसायचा. मी शेजारी बसून त्याला वाचून दाखवायचो. तोंडी उत्तरांत तो पुढे आणि लेखी पेपरात नापास. 1983 मध्ये सातवीनंतर तो शाळेत आलाच नाही. का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो, आणि एक प्रश्न मागे लागला. त्या काळी त्याच्यासाठी काही साधनच नव्हतं का?

होतं, आणि चांगलं जुनं होतं. लहानपणी वडिलांच्या कारखान्यात आरी लागून दृष्टी गमावलेल्या लुई ब्रेलने 1824 च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी बसवली. 1900 साली ॲना मिलार्ड या मिशनरी बाईंनी मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. तीच आजची दादरची कमला मेहता अंधशाळा. 1951 मध्ये भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. तिची एक गंमत आहे. 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो. ब्रेलमध्ये आधी क आणि मग इ, म्हणजे जसं बोलतो तसं. लिहायला खाचांची पाटी आणि टोचणी. उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटून डावीकडून वाचायचं. ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यासाठी भिंग आणि मोठ्या अक्षरांची पुस्तकंही होतीच. यातलं काहीच आमच्या वर्गापर्यंत पोहोचलं नाही.

तो शाळा सोडून गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, 1984 मध्ये, खाली कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. ते काम शारीरिक अपंगांचं, पण मुलाला साधन आणि सोय मिळाली की तो शिकतो, हे तिथे रोज दिसत होतं. कायदा त्यानंतर आला. 1995 च्या कायद्याने अपंग मुलांना अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. 2016 च्या कायद्याने ही यादी 21 प्रकारांपर्यंत नेली आणि वाचन-लेखनात अडखळणाऱ्या, अध्ययन अक्षम मुलांनाही त्यात घेतलं.

संगणक आला तेव्हा मराठीपुढे वेगळीच अडचण होती. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्याला 'शाळा' दिसे, पण संगणकाच्या आत त्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचे क्रमांक असत. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मग भलतंच बडबडे. 1991 पासून युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. 2006 मध्ये मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी 'एनव्हीडीए' हे पडदा वाचणारं सॉफ्टवेअर मोफत खुलं केलं. आता ही सोय साध्या फोनमध्येही असते.

मेळाव्यासाठी ग्रुप झाला तेव्हा तो मित्र सापडला. आता त्याला अजिबात दिसत नाही, पण ग्रुपवरचा प्रत्येक निरोप तो फोनकडून ऐकतो. मेळाव्याची निमंत्रणपत्रिका मात्र त्याला कळली नाही, कारण आम्ही तिचा फोटो टाकला होता आणि फोन गप्प राहिला. त्याने फोन करून विचारलं, "काय लिहिलंय रे?" चाळीस वर्षांनी मी पुन्हा त्याला वाचून दाखवलं.

म्हणून संपादक मंडळाला मी विनंती केली की, ही स्मरणिका छापील प्रतीबरोबर युनिकोड फाईलमध्येही द्यावी. ती मान्य झाली आहे. ती त्याला ऐकता येईल, आणि अक्षरं नीट दिसूनही वाचताना अडखळणाऱ्या आपल्या नातवंडांनाही. तुम्हा सर्वांना एवढंच सांगणं आहे की, ग्रुपवर फोटो टाकाल तेव्हा खाली दोन ओळी टाईप करा.