कोरियन स्त्रीनामे

कोरियन स्त्रीनामे : कोरियात आडनाव आधी आणि नाव मागून लिहितात. आडनाव बहुधा एकाक्षरी, नाव बहुधा द्व्यक्षरी. आणि नावातले प्रत्येक अक्षर परंपरेने एकेका चिनी चिन्हावर बेतलेले असते. कोरियन उच्चाराच्या या चिनी चिन्हांना हांजा म्हणतात. त्यामुळे एखाद्या कोरियन मुलीच्या नावाचा अर्थ विचारला की उत्तर बेरजेने मिळते : ‘सुन’ म्हणजे आज्ञाधारक, ‘सुक’ म्हणजे शालीन, ‘मी’ म्हणजे सौंदर्य, ‘ओक’ म्हणजे हरितमणी, ‘हे’ म्हणजे कृपा किंवा शहाणपण. बाळांच्या नावांची पुस्तके इथेच थांबतात. ही बेरीज चुकीची नाही, पण तिच्यातून फार थोडे कळते. मुलींची नावे कित्येक शतके कुळाच्या वहीबाहेर राहिली आणि जी गोष्ट वहीबाहेर राहते तिला वहीचा नियमही लागू होत नाही. याच कारणाने कोरियन स्त्रीनामे पुरुषनामांच्या आधी आणि त्यांच्यापेक्षा वेगाने बदलत गेली. नाव कोणत्या दशकातले आहे आणि घराला त्या मुलीकडून काय हवे होते, हे त्या बदलावरून बेरजेपेक्षा अधिक नेमके वाचता येते.

आधी बेरजेचा विचार करू. कोरियन रोज लिहिली जाते ती हांगुल या उच्चारानुसारी लिपीत, आणि हांगुलातल्या एकाच अक्षरामागे अनेक हांजा असू शकतात. ‘जीयंग’ हे नाव घ्या. ‘जी’ म्हणजे बुद्धी, ज्ञान किंवा एक सुगंधी वनस्पती. ‘यंग’ म्हणजे फूल, वैभव किंवा चिरकाल. एकाच वर्गात तीन जीयंग असल्या तर तिघींची नावे कानाला एक आणि कागदावर वेगवेगळी असू शकतात. नावात कोणती चिन्हे चालतील याची अधिकृत यादी दक्षिण कोरियात १९९१पासून आहे. ती वाढत वाढत २०१५मध्ये ८,१४२ चिन्हांवर गेली. पालक अनेकदा नाव कानाने निवडतात आणि शोभेशी चिन्हे मागाहून शोधतात. त्यासाठी जन्मवेळ पाहून नावे सुचवणारे व्यावसायिकही असतात. आणखी एक अडचण अशी की चिन्हाचा अर्थ आणि ते वाहणारी व्यक्ती यांची गाठ पडतेच असे नाही. १९१९च्या स्वातंत्र्यचळवळीत आउनेच्या बाजारात निदर्शनांचे पुढारपण करणारी आणि पुढच्या वर्षी सोलच्या तुरुंगात वयाच्या सतराव्या वर्षी मरण पावलेली यू ग्वानसुन (१९०२–१९२०) आज प्रत्येक कोरियन मुलाला शाळेत भेटते. तिच्या नावातल्या ‘सुन’चा अर्थ आज्ञाधारक. त्या अक्षरात आईबापांची अपेक्षा दिसते. मुलीने पुढे काय केले त्याचा तिथे मागमूसही नाही.

कुळाची वही म्हणजे जोकबो, कुळवृत्तान्त. मुलग्यांच्या नावात एक अक्षर पिढीचे असते. एका पिढीतल्या सर्व भावांना आणि चुलतभावांना ते सामाईक असते आणि पुष्कळदा कुळाच्या तक्त्यात कित्येक पिढ्या आधीच ठरलेले असते. म्हणजे मुलाच्या नावातले निम्मे काम पूर्वजांनीच करून ठेवलेले. मुलीसाठी हा तक्ता सहसा नव्हता. उपलब्ध जोकबोंपैकी सर्वांत जुन्यांत गणली जाणारी आनदोंगच्या क्वॉन कुळाची वही १४७६ची आहे. तिच्यात मुलगे आणि मुली जन्मक्रमाने नोंदल्या आहेत, पुढच्या काळाच्या मानाने हे बरेच समतेचे. पण मुलीच्या जागी नाव येते ते तिच्या नवऱ्याचे. स्त्रिया निनावी होत्या असा याचा अर्थ नव्हे. घरात हाक मारायला काहीतरी होतेच, ते लिहिण्याजोगे मानले गेले नाही इतकेच. सातव्या शतकात सिल्ला राज्यावर स्वतःच्या हक्काने राज्य केलेल्या सॉनदॉक राणीचे जन्मनाव, दॉकमान, इतिहासात टिकले. जोसॉन काळातल्या चित्रकर्त्री शिन साइमदांग (१५०४–१५५१) यांचे मात्र टिकले नाही. काही पुस्तके ‘इनसॉन’ असे नाव देतात, त्याला समकालीन आधार नाही. ‘साइमदांग’ हे त्यांनी घेतलेले टोपणनाव. प्राचीन चीनमधल्या राजा वनच्या आईला, थाइमला, गुरू मानणारी, असा त्याचा रोख. २००९पासून पन्नास हजार वॉनच्या नोटेवर या बाईंचे चित्र आहे. देशाच्या सर्वांत मोठ्या नोटेवरच्या व्यक्तीचे जन्मनाव खात्रीने सांगता येत नाही, ही गोष्ट कोणत्याही आकडेवारीपेक्षा बोलकी आहे. उलट बाजूचा पुरावाही आहे. कवयित्री हॉ नानसॉलहॉन (१५६३–१५८९) हिचे छोही हे जन्मनाव नोंदले गेले, पण तिचे घर विद्वानांचे आणि मुलीला शिकवणारे होते. चित्रकार ना हेसॉक (१८९६–१९४८) हिचे आधीचे नाव म्यंगसुन, म्हणजे पुन्हा तेच ‘सुन’. नंतर मिळालेल्या ‘हेसॉक’मधला ‘सॉक’ हा तिचा भाऊ ग्यंगसॉक याच्याही नावात आहे आणि बहीण जीसॉक हिच्याही. भावांचे पिढीचे अक्षर बहिणींना मिळाले की घरात काहीतरी हलले आहे असे समजावे.

स्त्रीचे नाव सरकारी कागदावर यावे ही निकड आली ती १९०९च्या नोंदणी कायद्याने. ज्यांचे सांगण्यासारखे नाव नव्हते त्यांच्यापुढे ‘अमुक आडनावाची बाई’ अशी नोंद झाली, कुठे घरातले ‘धाकटी’, ‘तान्ही’ अशा अर्थाचे हाकेचे नावच चिन्हांत बसवले गेले. याच्या थोडे आधी दुसरी वाट उघडली होती. १८८६मध्ये सोलला अमेरिकन मिशनरी मेरी स्क्रँटन यांनी मुलींची शाळा काढली. तिला इह्वा, म्हणजे नासपतीचा मोहोर, हे नाव राजदरबाराकडून मिळाले. मिशनच्या वर्तुळात आलेल्या मुलींना बाप्तिस्म्याबरोबर नाव मिळे. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली पहिली कोरियन स्त्री किम जॉमदोंग (१८७६–१९१०) एस्थर झाली आणि नवऱ्याचे आडनाव घेऊन एस्थर पाक म्हणून ओळखली जाऊ लागली. कोरियन बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, म्हणून हे उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे. (आडनाव न बदलणे हे स्वातंत्र्याचे लक्षण समजण्याची घाई करू नये; सून सासरच्या कुळाची झाली नाही, परकीच राहिली, हाही त्याचा अर्थ होता.) इह्वाच्या पुढे प्रमुख झालेल्या किम ह्वाललान (१८९९–१९७०) यांचे नाव तर ‘हेलन’ या उच्चाराला जवळची दोन चिन्हे जोडून केलेले. मुलाच्या नावात असा प्रयोग करायचा तर कुळातल्या वडीलधाऱ्यांची परवानगी लागली असती. मुलीच्या नावाला अडवायला कुणी बसलेलेच नव्हते.

जपानी अंमलात (१९१०–१९४५) ‘जा’ने संपणाऱ्या नावांची लाट आली : यंगजा, सुनजा, छुनजा, म्यंगजा, ओकजा. हा ‘जा’ म्हणजे जपानी स्त्रीनामातला ‘को’. चिन्ह एकच, मूळ अर्थ मूल. ही नावे सक्तीची होती, १९४०च्या नामांतर धोरणाने लादली गेली, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा. त्या धोरणाचा मुख्य रोख आडनावांवर होता, ‘जा’ नावे त्याआधीच रुळली होती, आणि सर्वांत मोठा पुरावा स्वातंत्र्यानंतरचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जन्मनोंदींवरून प्रसिद्ध केलेल्या क्रमवारीत १९४८ साली मुलींचे सर्वाधिक ठेवले गेलेले नाव सुनजा आहे. जपानी जाऊन तीन वर्षे झाली होती, १९४६च्या आदेशाने मूळ कोरियन आडनावे परतही आली होती, आणि तरी आईबाप हौसेने ‘जा’ ठेवत होते; त्यांच्या कानाला ते नाव परके उरले नव्हते, शहरी आणि नवे वाटत होते. याच क्रमवारीत पुढे १९५८ला यंगसुक, १९६८ला मीग्यंग, १९७८ला जीयंग, १९८८ला जीहे, १९९८ला यूजिन आणि २००८ला सॉयन ही नावे पहिली येतात. मुलग्यांत १९४८ला यंगसू पहिले आणि १९५८लाही यंगसूच. आक्षेप असा येईल की पुढे मुलग्यांचीही नावे बदललीच : सॉंगहो, जॉंगहुन, जीहुन, दोंगह्यन, मिनजून. खरे आहे. पिढीचे अक्षर पाळण्याची रीत सैल झाली तशी मुलग्यांची नावेही फॅशनच्या हाती गेली. पण क्रम पाहा : ‘जी’ मुलींच्या यादीत १९७८ला अव्वल आहे, मुलग्यांच्या यादीत १९८८ला. एवढ्या एका नोंदीवर फार भार टाकू नये, तरी वाट आधी कोणी पाडली याची दिशा तिच्यातून दिसते.

मग वहीबाहेर असणे ही मुलींची मोकळीक होती का? इथे सर्वांत कठोर पुरावा त्या नावांचा आहे जी मुलीविषयी काहीच बोलत नाहीत. हूनाम : ‘मागून मुलगा’. मालजा, मालसुन : यातल्या ‘माल’चा अर्थ शेवट, म्हणजे मुली आता पुरे. मराठी वाचकाला इथे नकुसा आठवेल, आणि २०११ साली सातारा जिल्ह्यात झालेला नकुसांच्या नामांतराचा समारंभही. फरक इतकाच की नकुसा हे नाव उघड नकार देते, हूनाम हे नाव मुलीला पुढच्या बाळासाठी केलेला नवस बनवते. १९९२-९३मध्ये एमबीसी वाहिनीवर ‘मुलगा आणि मुलगी’ ही मालिका गाजली. तिच्यातली जुळी भावंडे म्हणजे ग्वीनाम, ‘मोलाचा मुलगा’, आणि हूनाम. एकाच दिवशी जन्मलेल्या दोघांच्या नावांतच सगळे कथानक आले. २००५मध्ये त्याच वाहिनीवर ‘माझे नाव किम सामसुन’ आली. नायिका केक-पेस्ट्री करणारी, घरातली तिसरी मुलगी, आणि नाव ‘तिसरी’ अधिक ‘सुन’. तिला ते बदलून हीजिन व्हायचे असते. प्रेक्षक हसले, कारण तिशीच्या बाईला आजीचे नाव होते. योगायोगाने त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गुन्हा लपवण्यासारखा हेतू नसेल तर नाव बदलायला परवानगी द्यावी. त्यानंतर नामांतराचे अर्ज वाढले.

दुसरी घाई अशी होते की यंगसुकच्या शालीनतेपासून मीग्यंगच्या सौंदर्यापर्यंत आणि तिथून जीहेच्या शहाणपणापर्यंत एक सरळ चढण आहे, म्हणजे मुलीचे मोल वाढत गेले. ‘जीहे’ हा कोरियन भाषेत शहाणपणासाठीचा रोजचा शब्दच आहे, त्यामुळे मोह समजण्यासारखा आहे. पण जीहे १९८८ला पहिली आली त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९०मध्ये, दक्षिण कोरियात दर १०० मुलींमागे ११६.५ मुलगे जन्मले. गर्भलिंग पाहून मुली टाळल्या जात होत्या आणि ज्या जन्मल्या त्यांना सुंदर, बुद्धिमान नावे मिळत होती. म्हणजे नाव सुधारले ते जन्माला येऊ दिलेल्या मुलींचे. छो नामजू यांच्या २०१६च्या कादंबरीने नायिकेचे नाव किम जीयंग ठेवले, जन्म १९८२. कोणत्याही कार्यालयात सापडेल असे नाव, आणि सापडेल असेच आयुष्य. कादंबरीची सगळी धार त्या साधेपणात आहे.

वापराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण नावाचे आयुष्य हाकेत असते. बरोबरीच्या किंवा लहान मुलीला नावापुढे ‘आ’ किंवा ‘या’ लावून हाक मारतात : जीयंगआ, मिनजीया. परक्या प्रौढ स्त्रीला नावापुढे ‘स्सी’ लावतात. वडीलधाऱ्या स्त्रीला नावाने हाक मारणे उद्धटपणाचे. तिथे नाते येते, मुलीच्या तोंडी मोठ्या बहिणीसाठी ‘ऑन्नी’, मुलाच्या तोंडी ‘नूना’. खेड्यात सुनेला माहेरच्या गावावरून ‘अमुक गावची’ म्हणत, आणि मूल झाले की ती शेजारपाजारी ‘जीहुनची आई’ होते. ज्या नावासाठी इतकी चिन्हे शोधली ते बाईला तिशीनंतर प्रामुख्याने बँकेत आणि दवाखान्यात ऐकू येते. ‘मिनारी’ (२०२०) चित्रपटात यून यॉजॉंग यांनी साकारलेल्या आजीचे नाव सुनजा आहे, घरात मात्र ती नातवंडांची आजीच.

हांजा नसलेल्या शुद्ध कोरियन नावांची आवड गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वाढली आणि ती मुलींत अधिक रुजली : हानल (आकाश), आरम (सौंदर्य), सलगी (शहाणपण), इसल (दव), बोरा (जांभळा रंग), नारे (पंख). भाषाभिमान हे याचे एक कारण. पिढीचे अक्षर मुलीच्या आड येत नव्हते हे दुसरे, आणि माझ्या मते अधिक वजनाचे. आताच्या याद्यांत मात्र चिन्हांपेक्षा उच्चाराचे राज्य आहे : सॉया, हायून, इसॉ, जीआन. व्यंजने मऊ, शेवट स्वरान्त किंवा अनुनासिक, परदेशात लिहायला सोपे. स्केटिंगपटू किम यनआ जगभर ‘यूना’ म्हणून ओळखली गेली ती पासपोर्टातल्या रोमन लिप्यंतराच्या घोटाळ्याने. नव्या पालकांना असा घोटाळा आधीच टाळायचा असतो. जीआन, जीऊ, यूजिन ही नावे मुलाला चालतात तशी मुलीलाही. कुटुंबप्रमुख पुरुषच मानणारी होजू पद्धत २००५मध्ये घटनाबाह्य ठरली आणि २००८च्या आरंभी रद्द झाली. तेव्हापासून मुलाला आईचे आडनाव देता येते, पण त्यासाठी जोडप्याने विवाह नोंदवतानाच तसे लिहून द्यावे लागते. काहीच लिहिले नाही तर आडनाव बापाचे.